ठमीकडे तो गायचा

५ ऑक्टोबर

इरा आज परत आली होती. पुण्याची मुलगी, नवशावर पुस्तक लिहिते आहे. दुपारभर बसली. सगळं पाठ आहे तिला. नवशाने वीटभट्ट्यांवर अडकलेली कातकरी माणसं कशी उठवली, वनखात्याचं कुंपण कसं तोडलं, चौकीतल्या बंदुका उचलून डोंगरात कसा गेला, अख्खा पावसाळा पोलिसांना कसा सापडला नाही, मग सरकारशी तह करून जमिनीचे प्लॉट कसे मिळवले. मला सालं आठवत नाहीत, तर मलाच दुरुस्त करते. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत!

जाताना चपला घालता घालता म्हणाली, "सुमनताई, ते गायचे ना छान? ठमीताई सांगत होत्या. लपले होते तेव्हा त्यांच्या झोपडीत रोज गायचे म्हणे."

"असेल," म्हटलं मी. दार लावलं.

न. गायचा?

६ ऑक्टोबर

आमच्या एवढ्या संसारात न. एक ओळ गायला असेल तर शपथ. पंधरा ऑगस्टला माझ्या शाळेत आला की राष्ट्रगीताला नुसते ओठ हलवायचा. मी एकदा चिडवलंही होतं, "पोलिसांसमोर एवढा आवाज निघतो, इथे काय होतं?" तर म्हणाला, "आमच्यात गाणारे वेगळे असतात." मी खरं मानलं. त्यांची रीत असेल म्हटलं.

ठमीकडे मात्र रोज.

डाळ करपली. तशीच खाल्ली.

७ ऑक्टोबर

ठमी पळसवाडीची. न.ची लांबची नातेवाईक, नवरा तरुणपणीच सापाने गेला. त्या पावसाळ्यात न. तिच्या झोपडीत लपला होता हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी भिवपुरीच्या शाळेत मास्तरीण. पोलीस यायचे, पिंपातले तांदूळ जमिनीवर ओतून बघायचे आणि जायचे. मी ते निवडत बसायचे. तो परत आल्यावर मी काही विचारलं नाही. चळवळीतल्या बाईने असलं विचारायचं नसतं, असं आम्हीच एकमेकींना शिकवलं होतं.

जळते मी. साठी उलटल्यावर, वाडीतल्या एका म्हातारीवर. लिहून टाकलं. वाचणारं कोण आहे?

९ ऑक्टोबर

संतोष. संघटनेचा हल्लीचा चिटणीस. न.च्या वेळी भिंतींना पोस्टरं चिकटवायचा, आता न.ने मिळवलेले प्लॉट फार्महाऊसवाल्यांना दाखवत हिंडतो. शर्ट कसला पांढरा असतो त्याचा.

दोन कामं घेऊन आला. एक, पळसवाडीच्या फाट्यावर कमान उभी राहणार. चित्र दाखवलं मोबाइलवर. न. मांडी घालून बसलाय, मांडीवर थाळी, तोंड उघडं. खाली "रानातला गाता वाघ".

"गाता कोणी सांगितलं?"

"अवो वहिनी, सगळ्यांना म्हाईत हाय. ठमीआजीच्या घरातनं पार खालच्या वाडीपर्यंत आवाज जायचा रात्रीचा. माझी आई सांगायची."

सगळ्यांना म्हाईत हाय. छान.

दुसरं काम उद्या लिहीन. डोकं दुखतंय.

१० ऑक्टोबर

दुसरं काम. गेल्या वर्षी खालापूरच्या वळणावर न.ची जीप उलटली. नंतरचं सगळं संघटनेने ताब्यात घेतलं. ट्रक, झेंडे, कर्जतच्या नाक्यावर भाषणं, दहिवलीच्या स्मशानात अग्नी. वाडीच्या लोकांना काही करूच दिलं नाही. आता वाडी म्हणते, त्याला नीट पाठवला नाही, तो फाट्यावर उभा आहे. तिन्हीसांजेला कुत्री तिकडे तोंड करून भुंकतात.

तर त्यांच्या रीतीने थाळी लावायची आहे. थाळीच्या पाठीवर मेणाने काडी चिकटवतात. ती चिमटीत धरून ओढली की थाळी घुमते. त्यावर एक जाणता माणूस मेलेल्याचा जन्म गातो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाता गाता मेलेला कुणाच्या तरी अंगात येतो. काय राहिलं ते बोलतो. मग त्याला नदीपर्यंत पोचवतात, की सुटला.

थाळी म्हणजे तो ज्यात जेवायचा तेच ताट लागतं. आणि ते घरच्या बाईने द्यायचं.

न. स्वतः असल्याला वैतागायचा. अंगात आलेल्या एका बाईला त्याने भर सभेत "औषध घे" म्हणून सांगितलं होतं. मी संतोषला हेच म्हटलं. तो म्हणाला, "दादा जित्ता व्हता तवा दादाचं आयकलं. आता वाडीचं आयका."

हो म्हणाले.

१२ ऑक्टोबर

इराचा फोन. ती याआधी तुआरेग लोकांवर काम करत होती. सहारा वाळवंटातली माणसं. त्यांच्यातही एक बंडखोर पुढारी होऊन गेला म्हणे. सरकारशी लढला, तह केला, तह फसला, पुन्हा लढला, शेवटी गाडीच्या अपघातात गेला. तो आणि त्याचे साथीदार शेकोटीभोवती गायचे. ती गाणी अजून लग्नात वाजतात. इराला पुस्तकात तो आणि न. शेजारी शेजारी ठेवायचेत. म्हणून हा गाण्याचा ध्यास.

मी विचारलं, "त्याच्या बायकोचं नाव काय?"

"बघावं लागेल, ताई."

बघ म्हटलं.

१३ ऑक्टोबर

इराने फोटो पाठवला. निळ्या कापडात गुंडाळलेले उंच पुरुष, फक्त डोळे दिसतात. त्यांच्यात तोंड पुरुष झाकतात, बायकांची तोंडं उघडी. त्यातला पुढारी कोणता ते कळत नाही. एका कडेला एक बाई उभी आहे, जरा रागावल्यासारखी. मला तीच आवडली.

नाव अजून कळवलेलं नाही.

१७ ऑक्टोबर

ताट आज खाली काढलं. काशाचं, जड, आईचं. मी कातकऱ्याशी लग्न केलं म्हणून मोहोपाड्याच्या कॉलनीत बाबांनी दार लावून घेतलं, तेव्हा आईने मागच्या गॅलरीतून पिशवीत घालून हातात दिलं होतं. न. त्यातच जेवायचा, घरी असेल तेव्हा. मी स्टीलच्यात.

कडेला पोचा आहे. तहावर सही करून आला त्या दिवसाचा. आपल्याच लोकांनी त्याला फाट्यावर अडवून विकला गेलास म्हटलं होतं. मी वाढलं. एक शब्द बोलला नाही, भरलं ताट भिंतीवर भिरकावलं आणि निघून गेला. दोन दिवसांनी आला. भिंतीवरचं कालवण मी खरवडून काढलं.

तिला गाणं. मला पोचा.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. पाऊस. ऑक्टोबर संपत आला तरी हटत नाही, भातं आडवी झालीत. संतोष सांगत होता, भट्ट्या लागल्या नाहीत, माणसं न्यायला येणारे ट्रक अजून आले नाहीत. एरवी पाडव्यानंतर वाडी ओस पडते. यंदा माणसं आहेत तोवर थाळी उरकून घ्यायची. रविवार ठरला.

मला खरं काय वाटतंय? असलं काही नसतं, हे मला माहीत आहे. मी आयुष्यभर पोरांना शिकवलंय. पण रविवारी तिथे बसल्यावर समजा आलाच, तर कुणाकडे येईल?

याचं उत्तर मला माहीत आहे. वाडीला तर नक्कीच माहीत आहे. ठमी घुमायला लागेल, आणि मी शेजारी पदर सावरत बसेन. इरा शूटिंग करेल.

२५ ऑक्टोबर

घरात काशाचं दुसरं ताट आहे. कर्जतच्या बाजारातून घेतलेलं, पाहुण्यांसाठी. एवढंच मोठं. न. त्यात एकदाही जेवला नाही, त्याला ते हलकं वाटायचं.

चिंच लावून दोन्ही घासली.

संतोषचा टेंपो सकाळी लवकर येईल.

२६ ऑक्टोबर

हलकं नेलं.

पिशवीतून काढून लखमाच्या हातात दिलं. लखमा म्हणजे वाडीतला थाळीवर गाणारा म्हातारा, न.पेक्षाही मोठा. त्याने बोटाने टिचकी मारली, कानाशी धरलं, मेण लावलं.

एरवी हे रात्री करतात. पण इराच्या कॅमेऱ्याला उजेड हवा आणि संतोषच्या पाहुण्यांना परत जायचं, म्हणून सकाळीच बसवलं. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ठमी खाली, झाडाच्या मुळीवर. मला तिच्याशेजारी बसवलं. दोघी बाया, असं कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

किती वाळलीय ती. हातात काळ्या पडलेल्या बांगड्या. माझ्याकडे बघितलंही नाही, सारखी थाळीकडे बघत होती. घाबरल्यासारखी. माझं ताट ओळखलं की काय, असं मला वाटलं.

लखमा गायला लागला. भट्टीवरचा जन्म. आईच्या पाठीला बांधलेलं पोर. कुंपण, बंदुका, पाऊस. "ठमीच्या चुलीम्होरं वाघ निजला" हे सरळ नाव घेऊन, दोन वेळा. मग तुरुंग, तह, जीप. माझ्याबद्दल एकच ओळ आली, "कर्जताला घर केलं". मी म्हणजे घर. बरं.

ऊन डोक्यावर आलं. कुणाच्या अंगात काही आलं नाही. एका पाहुण्याला डुलकी आली, तेवढंच. लखमाने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आवाज बसला. शेवटी काडी उपटून काढली आणि म्हणाला,

"नाय येत. कुनीतरी धरलाय त्याला."

आता सगळे माझ्याकडे बघणार. मान वर केली.

सगळे ठमीकडे बघत होते.

२७ ऑक्टोबर

झोप नाही. ताट मी बदललं. अडवून मी धरला, धरला असेल तर. आणि अख्ख्या वाडीत एकाच्याही मनात माझं नाव आलं नाही. नवशाला धरून ठेवणारी बाई म्हणजे ठमीच. मी तिथे बसले होते, लग्नाची बायको, हातात रिकामी पिशवी घेऊन.

माझी लबाडीसुद्धा तिच्या नावावर जमा.

३० ऑक्टोबर

इराचा मेसेज. त्या वाळवंटातल्या बाईचं नाव सापडत नाही. पुस्तकांतून फक्त "पत्नी" असं आहे. "सॉरी ताई."

तू कशाला सॉरी म्हणतेस, बाई.

२ नोव्हेंबर

संतोष कमानीच्या फोटोसाठी आला होता. बोलता बोलता कळलं. ठमीशी वाडी बोलत नाही. हापशावर ती आली की बाकीच्या बाजूला होतात. ट्रक पुढच्या अमावास्येनंतर येणार, आणि तिला बरोबर नेणार नाहीत. दर वर्षी ती लेकीबरोबर जाते, नातवंडं सांभाळायला. अडकलेलं माणूस घेऊन भट्टीवर गेलं तर भट्टी पेटत नाही म्हणे. म्हणजे पावसाळ्यापर्यंत रिकाम्या वाडीत एकटी.

"तू चिटणीस आहेस ना? काही बोलला नाहीस?"

"काय बोलू वहिनी? तिनं सोडाया पायजे दादाला. लोकं म्हनत्यात, त्याची काय वस्तू असंल ती टाकून दे."

मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. खोटं कशाला लिहू?

९ नोव्हेंबर

आज ठमी घरी आली.

आयुष्यात पहिल्यांदा. सकाळी कडी वाजली, बघते तर दारात. वाडीतून फाट्यापर्यंत चालत, पुढे टमटमने. काखेत घोंगडी, सुतळीने बांधलेली.

"बाय, हे घे. तो पांघरायचा. माज्याकडं येवडंच हाय त्याचं. लोकं म्हनत्यात ह्याच्यामुळं अडाकलाय."

घोंगडी दारातच खाली ठेवली आणि वळली. पाणी तरी पी म्हटलं. पाणी प्यायली. जेवून जा म्हटलं, का म्हटलं ते माहीत नाही. स्वयंपाक झालेला होता, भात, वालाचं बिरडं, सुकट. तिने पाय धुतले आणि ओट्याखाली बसली. पाट दिला तो सरकवून ठेवला.

ताट घ्यायला फडताळाशी गेले. स्टीलची ताटं पुढेच होती. मी मागे हात घातला आणि न.चं काढलं. त्यातच वाढलं. का, ते पुन्हा विचारू नये.

तिने भाताला हात लावला नाही. ताटाकडे बघत राहिली.

"हे त्याचं."

"तुला काय माहीत?"

"तू दोनी हातानं काढलंस."

मी उभीच.

"मंग तितं कंचं न्हेलंवतंस?"

तिने माझ्या तोंडावर वाचलं असणार. मला वाटलं आता उठेल, शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. हापसा, ट्रक, नातवंडं, सगळं माझ्यामुळे. तर तिने मोठा श्वास सोडला आणि भात कालवायला लागली.

"बरं क्येलंस, बाय. मी तितं भ्यालेली. आला असता तर समद्यांम्होरं रडला असता."

"रडला असता?"

"त्येच करायचा तो."

मी खाली बसले. तिने जेवता जेवता सांगितलं, माझ्याकडे न बघता. बंदुका उचलताना चौकीतल्या गोळीबारात बरोबरचा एक पोरगा मेला होता, ते मला माहीत होतं. तो पोरगा न.ने वाडीतून स्वतः बोलावून नेला होता, हे नव्हतं माहीत. त्या पावसाळ्यात अंधार पडला की न. रडायला लागायचा. मोठ्याने. जनावर ओरडतं तसा, म्हणाली. खालच्या वाडीपर्यंत आवाज जायचा. माणसं भीतीने आधीच अर्धमेली झालेली. पुढारीच रडतोय कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळे भट्टीच्या मालकाकडे परत गेले असते.

"मंग मी सांगाया लागली, गातोय म्हनून. कुनी इचारलं की म्हनायची, रानाचं गानं हाय, तुमाला नाय कळायचं. त्येंनी मानलं. मानायचंच हुतं त्येंना."

"आणि तू काय करायचीस? तो रडायचा तेव्हा?"

"काय करनार? चूल पेटती ठेवायची." मग ताटातला भात गोळा करत, "तू समजतीस तसलं काय नवतं, बाय. असतं तर मी आता सांगितलं असतं. आता काय भ्या हाय मला?"

ताट तिने स्वतः घासलं. राख मागितली, माझ्याकडे राख कुठली, मी लिक्विड दिलं. फेस बघून हसली. पालथं घातलं आणि गेली. घोंगडी राहिली.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ

ती नाही म्हणाली. मला विश्वासही बसला. सुटायला हवं होतं मी.

पण माझ्यासमोर तो एकदाही रडला नाही. त्याची आई गेली तेव्हा नाही. आमचं मूल पोटातच गेलं तेव्हा नाही. मी दवाखान्यात रडत होते आणि तो खिडकीतून बाहेर बघत उभा. मला वाटलं हा दगड आहे, आणि दगडाशी संसार करायला मी शिकले. त्याचाही अभिमान बाळगला. लोकांना सांगायचे, आमचे हे कधी खचत नाहीत.

दगड नव्हता तो. फक्त माझ्या घरी होता.

गाणं असतं तर परवडलं असतं.

११ नोव्हेंबर

घोंगडी उन्हात टाकली. हुंगून बघितली, धुराचा वास. त्याचा काही नाही. परत हुंगली.

१२ नोव्हेंबर

इराचा फोन. गाण्याचा भाग ती पुस्तकाच्या सुरुवातीलाच घेणार आहे. "ताई, एकच राहिलंय. वाडीतले सगळे सांगतात. पण तुमच्याकडून पक्कं हवं. घरीही गायचे का ते?"

सांगून टाकावं असं वाटलं. एका वाक्यात कमान, पुस्तक, गाता वाघ, सगळं खाली आलं असतं. त्या वाळवंटातल्या पुढाऱ्याशेजारचं आसनही गेलं असतं. आणि ठमीने एवढी वर्षं राखलेलं उघडं पडलं असतं.

"हो," म्हणाले मी. "घरीही गायचा. रोज."

"खरंच? कोणतं?"

"रानाचं असायचं. आपल्याला नाही कळत ते."

ती लिहून घेत होती. किबोर्डचा आवाज ऐकू येत होता. फोन ठेवला आणि मला एवढं रडू आलं की शेजारच्या वहिनी दार वाजवायला आल्या. काही नाही म्हटलं, टीव्ही लावलाय.

१५ नोव्हेंबर

संतोष. अमावास्येला पुन्हा थाळी. दुसऱ्याच दिवशी ट्रक. या खेपेला रीतीप्रमाणे अंधार पडल्यावर. ठमीने घोंगडी टाकून दिली, आता येईल दादा, असं वाडी म्हणते. आणि नाहीच आला तर मग तिचं काही खरं नाही.

"ताट लागंल वहिनी. तेच."

"देते," म्हटलं.

१७ नोव्हेंबर

इराने पाठवलेला फोटो पुन्हा उघडला. त्या लोकांचं बरं आहे. कापडाआड कोण रडतोय, कोण गातोय, कुणाला दिसणार? पण बायकांना कळत असेल. ती कडेची रागावलेली, तिला कळत असेल का?

१९ नोव्हेंबर

शाळेच्या फळ्यावर मांडायचे तसं मांडून बघते.

हलकं ताट नेलं तर तो येणार नाही. त्याची अब्रू राहील. ठमी रिकाम्या वाडीत एकटी राहील.

जड ताट नेलं तर येईल. असलं काही नसतं, हे मी अजूनही म्हणते. पण वाडी अंधारात बसलेली, लखमा गाणारा, लोकांना तो यायलाच हवाय, म्हणजे येणारच. आणि आला की रडणार. सगळ्यांदेखत, इराच्या कॅमेऱ्यादेखत. ठमी सुटेल, ट्रकमध्ये बसेल.

आणि येईल तो तिच्याकडेच. हे खरं तर पहिल्यांदा लिहायला हवं होतं. एवढं सगळं कळूनही मला अजून तेच टोचतं. एकदा, एकदाच, माझ्याकडे येऊन रड की रे. मी काय केलं असतं? मीही चूल पेटती ठेवली असती.

२० नोव्हेंबर

अमावास्या. दुपारी ठमीच्या लेकीच्या मोबाइलवरून फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"बाय, कंचं आनतीस?"

"तू सांग. तुझ्यावर आलंय ते."

मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"मी नाय सांगनार. घर तुजं हाय," म्हणाली आणि ठेवला.

संतोषचा टेंपो वळणावर दिसतोय. दोन्ही ताटं एकाच पिशवीत घातली आहेत. वाजू नयेत म्हणून मध्ये घोंगडी.